कळकू नये म्हणून

वैशाखात आमच्या पुढच्या खोलीत दुपारी बसवत नाही. वर पत्रा, खाली फरशी आणि मधे कोंडलेली धग. तीन वर्षांपूर्वी अशाच एका दुपारी तिथल्या कपाटावरून मी माझी मासे धरायच्या सामानाची पेटी खाली काढली. पारदर्शक, कप्प्याकप्प्यांची, दोन खिट्ट्यांची. खिट्ट्या सुटल्या, पण झाकण हलेना. सुरीचं टोक घालून उचकटलं, तेव्हा आतून गुळाच्या पाकासारख्या तारा निघाल्या.

आत मऊ प्लास्टिकची आमिषं होती. बोटभर लांबीची गांडुळं, चपट्या शेपटीचे मासे, पोकळ पोटाचे बेडूक. गळाला लावून पाण्यातून ओढली की ती जिवंत असल्यासारखी वळवळतात आणि मरळीसारखा सावध मासासुद्धा त्यांच्यावर झेप घेतो. पुण्याला असलेल्या भाच्यानं ती एकेक करून धाडली होती. "मामा, गांडूळ शोधत चिखलात बसायचं वय आहे का तुमचं?" असं म्हणत त्यानं पहिलं पाकीट हातात ठेवलं होतं. ती सगळी पाकिटं फोडून मी या पेटीत मन लावून रचली होती. काळ्या गांडुळांशेजारी लाल, लालांशेजारी पांढरे मासे, कोपऱ्यात बेडूक आणि उरलेल्या कप्प्यात गळ. पेटी काचेसारखी स्वच्छ होती, त्यामुळं बाहेरून सगळं दिसायचं. बंद करताना फार बरं वाटलं होतं.

आता त्या पांढऱ्या माशांच्या पोटात लाल रंग उतरला होता. काळी गांडुळं तळाशी एकजीव झाली होती. त्यातलं एक बोटानं सोडवायला गेलो, तर गांडुळाबरोबर पेटीचा तळही सायीसारखा उचलला गेला. एरवी नखानं ओरखडा उठत नाही असलं टणक प्लास्टिक मेणासारखं मऊ पडलं होतं. बेडकांच्या पायांच्या जागी रबरी झालर असते, तिचे धागे एकमेकांत विरघळून गोळा झाला होता. गळांवर तांबूस गंज चढला होता. खोलीभर गोडसर, डोकं धरायला लावणारा वास सुटला होता.

त्या वासानंच आई मागच्या खोलीतून आली. "बापू, काय जळालं रे?"

मी पेटी पुढं केली. तिनं पदर नाकाला लावला, वाकून पाहिलं, एका गांडुळाला काडीनं टोचलं आणि म्हणाली, "जळालं नाही हे. कळकलं."

मी शाळेत पस्तीस वर्षं विज्ञान शिकवलं. झालं होतं ते इतक्या नेमकेपणानं सांगणारा शब्द मला त्या दिवसापर्यंत सुचला नव्हता.

कळकणं हा शब्द आता घरातून जायला लागला आहे. ताक, चिंचेचं सार, लोणचं, काहीही आंबट पितळेच्या भांड्यात राहिलं की ते भांड्यातला तांब्याचा अंश खातं. पदार्थाला हिरवट झाक येते, जिभेला कडवट, तुरट लागतं. त्या पदार्थाला आपण कळकला म्हणतो. इथं दोष ताकाचा नाही, पितळेचाही नाही. ताक मातीच्या मडक्यात उत्तम राहतं, पितळेत पाणी उत्तम राहतं. दोघांना एकत्र ठेवणाऱ्याची चूक असते. नासणं, कुजणं, आंबणं, विटणं हे पदार्थाचं स्वतःचं असतं, कळकणं मात्र शेजारामुळं घडतं. भाषेनं या प्रकाराला वेगळा शब्द दिला, यावरून आपल्या बायकांनी किती पिढ्या भांड्यांकडे डोळ्यांत तेल घालून पाहिलं असेल हे कळतं.

आणि त्यावरचा उपायही त्याच घरांतला. लहानपणी कल्हईवाला यायचा. चिंचेखाली खड्डा करायचा, भाता लावायचा. भांडं तापलं की त्यात नवसागर टाकायचा, पांढरा धूर उठायचा, मग कथलाची कांडी टेकवून कापसाच्या बोळ्यानं ती आतून फिरवायचा. दोन हात फिरले की पिवळं भांडं चांदीसारखं उजळायचं. ताक आणि पितळ यांच्यामध्ये कथलाचा एक पातळ पडदा, बस. तेवढ्यावर पुढचे कित्येक महिने सुखाचे.

त्या दुपारनंतर मी या आमिषांचा नीट अभ्यास केला. पदार्थ आपल्या ओळखीचा निघाला. शेतातल्या बोअरला जो करडा, कडक पाइप लागतो त्याच पीव्हीसीचं हे लुसलुशीत गांडूळ. फरक मोहनाचा. कणकेत मोहन घातलं की पुरी खुसखुशीत होते, तसं पीव्हीसीत एक तेलकट द्रव घालतात, त्याला प्लास्टिसायझर म्हणतात. तो लांबलचक रेणूंच्या मधे शिरतो, त्यांना एकमेकांवरून घसरू देतो आणि कडक पदार्थ मऊ होतो. पण तो तिथं बांधलेला नसतो, नुसता मुरलेला असतो. वर्तमानपत्रावर ठेवलेल्या शंकरपाळ्यांनी सकाळपर्यंत कागदावर डाग पाडावा, तसा तो हळूहळू बाहेर येत राहतो. उष्णतेनं त्याला घाई होते. शेजारी ज्याला ते तेल शोषता येतं असं काही सापडलं की तो त्यात शिरतो आणि त्यालाही मऊ करून सोडतो. रंगही त्याच वाटेनं एका आमिषातून दुसऱ्यात जातो. माझ्या पेटीत हेच घडलं होतं, आणि पत्र्याखालच्या वैशाखानं ते लवकर घडवलं होतं.

पेटी उलटी करून पाहिली तर तळाला बाणांचा छोटा त्रिकोण आणि त्यात ६ चा आकडा. हा त्रिकोण १९८८ साली अमेरिकेतल्या प्लास्टिक उद्योगानं ठरवला, आता जगभरच्या डब्याबाटल्यांवर असतो. ६ म्हणजे पॉलिस्टायरिन. काचेसारखं दिसणारं, ठिसूळ, आणि असल्या तेलापुढं हतबल. २, ४ आणि ५ म्हणजे पॉलिथीन व पॉलिप्रॉपिलीन, दिसायला धुरकट, पण या तेलाला सहसा दाद न देणारी. दुकानात मी ती धुरकट पेटी बाजूला सारून स्वच्छ दिसणारी उचलली होती. त्या वेळी तळ उलटून पाहिला असता तर चार वर्षांचा ठेवा वाचला असता.

मी फेकून दिलेली पाकिटं मात्र आठवत राहिली. आमिषं येतात ती साध्या पॉलिथीनच्या पिशवीत. वर बारीक दाते, दाबून बंद करायची. मला ती पिशवी टरफलासारखी वाटली होती, म्हणून फोडून टाकली. वास्तविक ती पिशवी म्हणजेच कल्हई. तिच्या आत प्रत्येक जातीचं आमिष आपापल्या तेलात, आपापल्या रंगात सुखानं राहतं. ती काढून आपण ताक थेट पितळेत ओततो.

या वस्तूंचा जन्म पाहिला तर एकाच गावात दोनदा थांबावं लागतं. अमेरिकेतलं ॲक्रन, ओहायो राज्यातलं, टायरांच्या कारखान्यांमुळं रबराची राजधानी म्हणवणारं. तिथं बी. एफ. गुडरिच कंपनीत वाल्डो सेमन नावाचा रसायनतज्ज्ञ रबर धातूला चिकटवण्यासाठी काही सापडतं का पाहत होता. १९२६ साली त्यानं पीव्हीसी एका द्रवात तापवून पाहिलं. चिकटवायला ते निरुपयोगी निघालं, पण हाताला लवचीक, उसळणारा गोळा लागला. मऊ पीव्हीसी ते. पुढं १९४९ साली त्याच ॲक्रनमध्ये निक क्रीम आणि त्याची पत्नी कॉस्मा यांनी घरीच साच्यात पहिलं प्लास्टिकचं गांडूळ ओतलं. माझ्याकडची सगळी आमिषं त्या एका गांडुळाची वंशावळ आहे.

आमच्या घरात आमिष सांभाळण्याची विद्या मात्र ॲक्रनच्या आधीपासून होती. आबा, म्हणजे माझे आजोबा, गळ टाकायचे. त्यांचे गळ पत्र्याच्या तंबाखूच्या डबीत असायचे, करडईच्या तेलात भिजवलेल्या चिंधीत गुंडाळलेले. दोरा ज्वारीच्या वाळलेल्या ताटावर वळलेला. आणि आमिष नारळाच्या करवंटीत. करवंटी घरात कुठंही ठेवायची नाही, रांजणाखालच्या ओलीजवळ ठेवायची. तिच्यात मूठभर ओली माती, ती पिळली तर पाणी गळू नये आणि सोडली तर भुगा होऊ नये इतपतच ओली. वर पळसाचं पान. गांडुळं मोजून दहा-बारा. मी एकदा जास्त मिळाली म्हणून तीसेक कोंबली, तर सकाळी त्यातली निम्मी मेलेली आणि मेलेल्यांच्या वासानं उरलेलीही मलूल. आबा रागावले नाहीत. करवंटी परसात नेऊन रिकामी केली, जिवंत होती त्यांना अळवाच्या खाचरात सोडलं आणि म्हणाले, "जितकी लागतील तितकीच काढ. बाकीची जमिनीतच चांगली राहतात."

गांडूळ मातीचं असो की पीव्हीसीचं, ऊन त्याला सोसत नाही आणि दाटी सोसत नाही. आबांची करवंटी डोळ्यांसमोर असूनही मी पेटी पत्र्याखाली ठेवली, याचं वाईट वाटतं.

दख्खनमध्ये गळ-आमिषाचा विचार आणखी जुना आहे. कल्याणीच्या चालुक्यांपैकी तिसरा सोमेश्वर, राज्यकाल ११२६ ते ११३८, त्यानं 'मानसोल्लास' हा संस्कृत ग्रंथ रचला. मराठी वाचकाला तो ठाऊक असतो तो कांडताना ओव्या म्हणणाऱ्या महाराष्ट्रातल्या स्त्रियांच्या उल्लेखामुळं. त्याच ग्रंथात राजाच्या करमणुकींमध्ये मत्स्यविनोद आहे. कोणता मासा समुद्रातला, कोणता गोड्या पाण्याचा, कोणाला काय खायला घालून एका जागी जमवावं, काठी कशी असावी, दोर कसा असावा, गळाला काय लावावं. भारतातल्या माशांचे मोठे अभ्यासक सुंदरलाल होरा यांनी १९५१ साली या प्रकरणावर लिहून ते जगापुढं आणलं. एका राजाला हे लिहून ठेवावंसं वाटलं, याचं मला अप्रूप वाटतं. गळ टाकणं म्हणजे वेळ घालवणं असं जे कोणी म्हणतात त्यांनी हे प्रकरण काढून पाहावं.

आमच्याकडं पाणी मुबलक नाही. आमचं धाड गाव म्हणजे बुलडाणा तालुक्याचं टोक. आमच्यापुढं भोकरदनकडं निघालं की विदर्भ संपतो आणि मराठवाडा लागतो. अजिंठ्याच्या डोंगरातून पैनगंगा याच तालुक्यात उगम पावते, पण उगमाच्या अंगणात नदी ओढ्याएवढीच असते आणि चैत्रात वाळूच दिसते. जिल्ह्यात जगाला ठाऊक असलेलं पाणी लोणारचं. ते खारं आणि अल्कधर्मी, मासे धरायच्या कामाचं नाही. आम्हाला मासा भेटतो तो पाझर तलावांत. १९७२ च्या दुष्काळात माणसांना काम द्यायला म्हणून राज्यभर असे तलाव खोदले गेले. त्याच कामांतून रोजगार हमी योजना उभी राहिली, तिचा कायदा १९७७ साली झाला. मी ज्या तलावावर जातो, त्याच्या बांधावर आईनं माती वाहिली आहे. कोणत्या बाजूची माती काळी, कोणत्या बाजूला मुरूम लागला, ती अजून सांगते. तिनं सांगितलेल्या काळ्या मातीच्या बाजूलाच पाणवनस्पती माजली आहे आणि तिथंच मरळ असते.

तलाव मासेमारी संस्थेकडे ठेक्यानं असतो. कटला, रोहू, मृगळ यांचं बीज ते सोडतात, जाळं त्यांचं. मी त्यांना विचारून एक काठी घेऊन बसतो. भोई बांधवांतल्या जाणत्या माणसांनी माझे रबरी बेडूक हातात घेऊन नीट पाहिले आहेत, दाबून, ताणून. त्यातला एक जण म्हणाला, "सर, हा बेडूक बरा, ह्याला भूक लागत नाही." मग त्यानं मला मरळ कुठं श्वास घ्यायला वर येते ती जागा दाखवली.

मरळीबद्दल लिहिल्याशिवाय हा विषय पुढं जात नाही. तिला नुसत्या कल्ल्यांवर भागत नाही, थोड्या थोड्या वेळानं वर येऊन हवा घ्यावी लागते. त्यामुळं पाणी आटून गाळ उरला तरी ती तग धरते. बाजारात ओल्या टोपलीत तासन् तास जिवंत असते, म्हणून तिला भाव. पावसाळा लागला की ती वनस्पती बाजूला सारून पाण्यावर जागा मोकळी करते, तिथं अंडी घालते आणि नर-मादी राखण करतात. पिल्लं निघाली की लालसर, केशरी दिसणारा त्यांचा पुंजका पाण्यावर खदखदत फिरतो आणि आईबाप खालून फिरत असतात. त्या वेळी पुंजक्याजवळ काहीही पडलं, बेडूक, पान, बोट, तर ती त्यावर तुटून पडते. भुकेनं नव्हे, राखणीसाठी. गळवाल्याला तेव्हा मरळ सर्वांत सोपी असते. मी एकदा तशी धरली आहे. काठावर ओढून घेतल्यावर मागं पाहिलं तर तो केशरी पुंजका जागच्या जागी गोल फिरत होता आणि चिलापी दोन्ही बाजूंनी त्यात शिरत होत्या. गळ काढून मरळ परत सोडली. ती पुंजक्याकडं गेली की नाही ते गढूळ पाण्यात दिसलं नाही.

माझ्या आमिषांची मांडणी आता त्या पुंजक्यावरून ठरली आहे.

पेटी गेल्यावर मी मागच्या खोलीत आलो. ती धाब्याची, दीड हात जाड मातीच्या भिंतींची. बाहेर चाळिशी ओलांडलेली असली तरी आत रांजणाजवळ हात गार लागतो. एका भिंतीत खोल कोनाडा आहे. पूर्वी त्यात दिवा असायचा, मग बरीच वर्षं आईची लोणच्याची बरणी होती. आईनं बरणी दुसरीकडं हलवली आणि कोनाडा मला दिला. वर शेणामातीनं सारवूनही दिला.

त्यात आता एक जुना पत्र्याचा डबा आहे, शाळेत हजेरीपटाची कार्डं ठेवायचे तसला, लांबट. त्यात पाकिटं उभी, एकामागं एक, कार्डांसारखी. प्रत्येक आमिष आपल्या मूळ पिशवीतच. पिशवीतली हवा तळहातानं दाबून काढलेली. आत शेपट्या सरळ आहेत ना हे बंद करण्यापूर्वी पाहायचं. दुमडलेली शेपटी महिनाभर तशीच राहिली तर तिला तो बाक कायमचा लागतो आणि पाण्यात ती एकाच अंगाला लोळते. तसं झालंच तर कढत पाण्यात काही क्षण बुडवायची, बोटानं सरळ करायची आणि सपाट ताटलीत गार होऊ द्यायची. वाळवणातल्या कुरडईला आई बोटानं आकार देते तितक्याच हलक्या हातानं.

एक पाकीट मात्र या डब्यातही नाही. झेड-मॅन कंपनीची काही आमिषं वेगळ्या, रबरासारख्या ताणल्या जाणाऱ्या पदार्थाची असतात. ती पाण्यावर तरंगतात आणि सहज तुटत नाहीत. पण पीव्हीसीच्या आमिषाला टेकली की दोन्ही वितळून चिकट होतात. दोघंही आपापल्या जागी गुणी, शेजार मात्र जमत नाही. त्यांना कोनाड्याच्या दुसऱ्या टोकाला, आपल्याच पिशवीत ठेवलं आहे. बेडकांच्या झालरीही मोकळ्या लोंबतील अशा ठेवाव्या लागतात. गळ तर आमिषांजवळ ठेवायचेच नाहीत. मऊ आमिषांत पुष्कळदा मीठ मळलेलं असतं, माशानं तोंडात धरून ठेवावं म्हणून, आणि मीठ-लोखंडाचं वैर सांगायला नको. गळ आबांच्या तंबाखूच्या डबीत आहेत. चिंधी नवी, तेल करडईचंच.

हात धुतल्याशिवाय या डब्यावरून उठून मी चुलीकडं जात नाही, आणि घरात लेकरं आली की डबा वरच्या खुंटीला जातो. मोहनासारखं वापरतात ते तेल पुष्कळदा थॅलेट जातीचं असतं. अमेरिकेनं २००८ साली मुलांच्या खेळण्यांत त्यातल्या काहींचं प्रमाण ०.१ टक्क्याच्या वर जाऊ नये असा कायदा केला. गांडूळ कितीही खेळण्यासारखं दिसलं तरी ते खेळणं नाही.

पाकिटांवर कंपन्या रंगांची नावं छापतात. ती इथं काही सांगत नाहीत. मी प्रत्येकावर कागदाची पट्टी चिकटवून आपल्या पाण्याची नावं लिहिली. 'निवळ पाणी', 'गढूळ', 'शेवाळाखाली', 'दिवस बुडताना'. निवळ पाण्यात हिरवट, करडी आमिषं चालतात, गढुळात काळं चालतं, कारण तिथं माशाला रंग कळत नाही, सावली कळते. हे मी या तलावावर शिकलो आहे, दुसऱ्या तलावाचं दुसरं असेल. पाकिटांचा क्रम रंगानं नाही, नक्षत्रानं लावला आहे. रोहिणीपर्यंतची पुढं. हस्त, चित्रा, स्वाती मधे. थंडीतली मागं, ती थोडीच, कारण तेव्हा मरळ सुस्त असते. आणि मृगापासून हस्त लागेपर्यंतचं जे आहे, म्हणजे सगळे बेडूक, त्यांच्या पाकिटांना मी सुतळी बांधतो. दोन वेढे, एक गाठ. पावसाळ्यात तलावावर जातो तेव्हा काठी घरी असते.

ही मांडणी पाहून भाचा म्हणाला, "मामा, हे पंचांगच झालं की." त्यानं पुण्यात आपल्या पाकिटांनाही तशी सुतळी बांधल्याचं नंतर फोनवर सांगितलं. माझ्या पस्तीस वर्षांच्या शिकवण्यापेक्षा ती सुतळी मला जास्त लागू पडलेली वाटते.

फाटलेल्या आमिषांचा प्रश्न उरतो, आणि तो मला सर्वांत जड वाटतो. मरळीचे दात बारीक आणि धारदार. दोन-तीन झेपांत गांडुळाचं डोकं फाटतं. असं तुटकं आमिष पुष्कळजण पाण्यात टाकून देतात. ते कुजत नाही. पाण्यात फुगतं, तळाशी पडतं, मासा ते गिळतो आणि ते त्याच्या पोटात राहतं. अमेरिकेतल्या मेन राज्याच्या विधिमंडळात २०१३ साली रबरी आमिषांवर बंदी आणण्याचं विधेयक आलं होतं ते याच काळजीनं. बंदी झाली नाही. पण बंदीची वाट पाहण्याचं कारणही नाही. माझ्या खिशात एक रिकामी पिशवी असते, तुटकं सगळं तीत. डोकं फाटलेल्या गांडुळाचं शेपूट चांगलं असतं, शेपूट गेलेल्याचं डोकं. अंगणात वाऱ्याला पाठ करून बसायचं, सुरीचं पातं दिव्यावर गरम करायचं, दोन्ही तुकड्यांच्या मधे क्षणभर धरून काढून घ्यायचं आणि तुकडे एकमेकांना दाबायचे. सांधा बसतो. पातं लाल होऊ द्यायचं नाही, पीव्हीसी करपलं तर त्याचा धूर घशाला बाधतो. अशी जोडलेली, अर्धी काळी अर्धी हिरवी गांडुळं माझ्याकडं चार आहेत आणि त्यांतल्या दोहोंवर मासा लागला आहे.

गळ टाकणाऱ्या माझ्या भावांना एवढंच सांगायचं आहे. पेटी घेताना ती कितीही सुंदर असो, आधी उलटी करा आणि त्रिकोणातला आकडा पाहा. पाकीट फोडलंत तरी पिशवी फेकू नका. तुटकं आमिष काठावर सोडून येऊ नका, त्या पाण्यासाठी कुणाच्या तरी आईनं माती वाहिलेली असते.

ती कळकलेली पेटी मी अजून ठेवली आहे, पत्र्याच्या खोलीत, खिडकीत. आज आर्द्रा लागली. सकाळी तलावावर जाऊन आलो, काळ्या मातीच्या बाजूला वनस्पतीत हातभर जागा मोकळी झालेली दिसली. घरी येऊन कोनाड्यातला डबा उघडला, बेडकांच्या पाकिटांची गाठ पाहिली आणि डबा परत जागेवर ठेवला.